पॉडकास्टची होस्टिंग सेवा निवडताना

आपला आवाज दूरवर पोहोचविण्यासाठी स्वतःचे नभोवाणी केंद्र असण्याची आज आवश्यकता राहिलेली नाही. भ्रमणध्वनीवर मुद्रित केलेला भाग होस्टिंग सेवेकडे सुपूर्द केला, की ती तो साठविते व कार्यक्रमाची आरएसएस फीड तयार करते. फीड म्हणजे प्रत्येक भागाचे शीर्षक, माहिती व ध्वनिफाइलीचा पत्ता यांची नोंद असलेली यादी होय. ॲपल पॉडकास्ट्ससारखी ॲप्स ही यादी वाचूनच नवा भाग श्रोत्यांपुढे ठेवतात.

जागेची चिंता नवोदितांनी फार करू नये. ६४ केबीपीएस दराने मुद्रित केलेले ३० मिनिटांचे भाषण सुमारे १४ एमबी जागा व्यापते. महिन्याच्या चार भागांस ६० एमबी पुरतात. मात्र काही निःशुल्क योजनांत जुने भाग ठरावीक मुदतीनंतर काढले जातात. ती अट आधी वाचावी.

खरा महत्त्वाचा प्रश्न आहे तो सेवा सोडण्याचा. पुढे सेवा बदलल्यास जुन्या फीडवरून नव्या पत्त्याकडे कायमचे पुनर्निर्देशन, म्हणजेच ३०१ रिडायरेक्ट, मिळेल काय? ते न मिळाल्यास परिश्रमाने जोडलेले श्रोते जुन्या पत्त्यावरच राहतात. याउलट, फीड आपल्या हाती असल्यास एखादे ॲप बंद पडले तरी कार्यक्रम टिकतो. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झाले, तेव्हा असे कार्यक्रम अन्य ॲप्सवर ऐकता येतच होते.

जात्यावरच्या ओव्या गाणारी पिढी पुन्हा लाभणार नाही. म्हणून अशी मूळ मुद्रणे स्वतःजवळही जतन करावीत आणि सेवेत प्रवेश करण्यापूर्वीच बाहेर पडण्याचा मार्ग तपासून घ्यावा.