शेंडा कापला, वर पैसेही कापले

गलबताचं शीड डोलकाठीपेक्षा उंच जातं. हे मी प्रदर्शन समितीच्या लोकांना तोंडी सांगितलं, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं, वर मापं टाकून चित्रही दिलं. डोलकाठी सोळा इंच, शिडाच्या काठीचा शेंडा बावीस इंच. तरी काचेची पेटी आली ती अठरा इंचांची. मग त्यांनी पेटी बदलली नाही, काठी कापली. हॅक्सॉ ब्लेडनं.

परभणीत बसून जहाजांच्या प्रतिकृती कशाला करता, हे मला बऱ्याच जणांनी विचारून झालंय. आमच्याकडं पाणी म्हणजे गोदावरी, पूर्णा आणि येलदरीचं धरण, हे मलाही ठाऊक आहे. पण मागणी होती म्हणून केलं. 19 फेब्रुवारीच्या शिवजयंती प्रदर्शनासाठी 'महाराजांच्या आरमारातलं जहाज' हवं होतं. गुराब करू का गलबत, असं मी विचारलं. ''कोणतंबी करा काका, भारी दिसलं पाहिजे,'' हे उत्तर. असं उत्तर देणाऱ्याचं काम घेऊ नये, ही पहिली सूचना.

कारण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, दीडशे ते तीनशे टनांचं लढाऊ जहाज. गलबत सहसा सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, मागची डोलकाठी अगदी किरकोळ आणि मोठीवर एकच भलंथोरलं त्रिकोणी शीड. अशी जहाजं बाळगणाऱ्या आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाखाली जळालं. त्यामुळं आमच्यासारख्यांची सगळी भिस्त जुन्या चित्रांवर आणि वर्णनांवर. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं 1763 च्या ग्रंथात गलबताचं वर्णन केलंय, आणि शीड चढवल्यावर त्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर जातं, हे त्यानंच लिहून ठेवलंय. म्हणजे माझ्या मनचं काही नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी मी गेलो तेव्हा पाहुणे पेटीभोवती उभे. लांबून मला वाटलं, शीड सैल पडलंय. जवळ गेलो. बांबूचा शेंडा मी चाकूनं आणि काचपेपरनं उतरवत आणून सुतळीइतका बारीक केला होता, त्याच्या टोकाला मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे होते. तो शेंडाच नाही. कापलेल्या जागी बांबूची कुसळं निघालेली. शिडाचं वरचं टोक दुमडून त्याला स्टेपलरची पिन मारलेली. अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, ''काका, चार बोटं तर कापली. कोणाला कळायलंय?''

मला कळायलं होतं ना!

चीड याची की कापायची गरजच नव्हती. नांगरलेल्या गलबताची काठी खाली उतरवून शीड तिच्याभोवती गुंडाळतात. काठी चढवायचा दोर मी मुद्दाम कप्पीतून फिरता ठेवला होता, कुठंही चिकटवला नव्हता. तो सोडला असता तर काठी आडवी होऊन गलबत पेटीत आरामात बसलं असतं. एक फोन केला असता तर गाडीला किक मारून आलो असतो.

पुढं तर कहरच. एका पाहुण्यानं विचारलं, जाळी कुठंय? इंग्रजी सिनेमातल्या चाच्यांच्या जहाजावर डोलकाठीला दोन्हीकडून शिडीसारखी दोरांची जाळी असते, ती. दुसरा म्हणाला, डोलकाठी पुढं वाकलीय. समितीनं या दोन्ही गोष्टी 'त्रुटी' म्हणून लिहून काढल्या आणि ठरलेल्यातली निम्मी रक्कम अडकवली. त्रिकोणी शिडाच्या आपल्याकडच्या तरांड्यांची डोलकाठी पुढंच झुकलेली असते, कोकणातल्या फत्तेमारीची जुनी छायाचित्रं बघा. आणि शीड एका बाजूकडून दुसरीकडं फिरवताना त्या बाजूचे ताणाचे दोर सोडावे लागतात. तिथं जाळी विणली तर ते सोडणार कसे? हे सांगायला गेलो तर म्हणे, गूगलवर तसं दिसत नाही.

असो. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगतो.

डोलकाठीचं बूड डेकमधून थेट तळाच्या कण्यापर्यंत न्या. भोक डेकच्या पट्ट्या बसवण्याआधी पाडा, नंतर पाडलं तर कोन चुकतोच. बूड चिकटवू नका, घट्ट बसेल इतकंच ठेवा, म्हणजे टेंपोतून नेताना काढता येतं. शिडाची काठी दोन बांबू एकमेकांवर चढवून बांधा, खरी काठीही अशीच असते. बांबू बुरुडाकडून स्वतः निवडून आणा, पेरं लांब असलेला.

दोऱ्याबाबत आमच्या हवेत फार जपावं लागतं. सुती दोऱ्यानं ओल धरली की तो आखडतो, वाळला की सैल पडतो. मे महिन्याच्या झळांत कडक ताणून बांधलेले दोर मृगाचा पाऊस लागला की डोलकाठी ओढून वाकवतात. श्रावणात बांधलेले थंडीत लोंबतात. एकतर पॉलिस्टरचा दोरा घ्या, किंवा सुती घेऊन थोडी ढील ठेवा आणि शेवटची गाठ पक्की करू नका. मी गादी शिवायचा सुती दोरा चहाच्या पाण्यात उकळून काथ्याच्या रंगाचा करतो, मग मेणातून ओढतो. त्यानं लव बसते. गाठीवर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा थेंब द्या. फेविक्विक मुळीच नको, दोरा काडीसारखा तुटतो आणि पांढरी भुकटी उमटते.

आणि धीर ठेवा, घाई करू नका वगैरे, ते सगळे सांगतातच.

पैशांचं मात्र कागदावर घ्या. कोणतं जहाज, किती डोलकाठ्या, जाळी आहे का नाही, सगळ्यात उंच टोक किती इंचांवर, आणि चित्रावर समोरच्याची सही. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा दाखवून काही उपयोग होत नाही. पेटी स्वतः करून द्या, तिचे पैसे वेगळे लावा. निम्मी रक्कम आधी, उरलेली वस्तू उचलण्यापूर्वी. माणूस ओळखीचा असला तर जास्तच कडक.

मध्यंतरी त्याच समितीतून फोन आला होता, काठी नवी बसवून द्या म्हणून. आधी राहिलेले पैसे, मग काठी, असं सांगितलं. पुन्हा फोन आलेला नाही.