विद्यापीठाचा मनोरा व आमचा विद्यार्थी

पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ केवळ सरकारी द्रव्यावर वाढले नाही. ग्रंथालय व मनोरा यांकरिता प्रेमचंद रायचंद यांनी चार लक्ष रुपये दिले. १८७८ साली पुऱ्या झालेल्या त्या मनोऱ्यास त्यांच्या मातोश्री राजाबाईंचे नाव आहे. दीक्षान्त सभागृहास सर कावसजी जहांगीर यांचे साहाय्य लाभले. दान थोरच, परंतु जव्हार-मोखाड्याच्या मुलास इमारतीहून निवाऱ्याची व दोन वेळच्या भाकरीची चिंता अधिक! बारावीनंतर शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांकरिता शासनाची ‘स्वयं’ योजना आहे. निवास-भोजनाची रक्कम विद्यार्थ्याच्याच बँक खात्यात जमा होते. पालकहो, जमातीचा दाखला सुटीतच काढून ठेवावा. प्रवेशाच्या धांदलीत तो वेळेवर हाती येत नाही.