‘नेट चालत नाही’ : एका तक्रारीची फोड

‘नेट चालत नाही’ हे वाक्य लामत्यात मला आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकू येते. मुलांच्या घरी पोवारी किंवा मराठी, शाळेत हिंदी, संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी. त्यामुळे बिघाड कोणताही असो, सांगायला हेच एक वाक्य हाताशी असते. दुकानदार मग ‘कार्ड गेले, नवे घ्या’ म्हणतो आणि तोवर परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत टळते. म्हणून लिनक्सवर नेटवर्क कार्ड जोडणी घेत नसेल तर काय तपासावे, हे मी क्रियापदांच्या आधाराने शिकवतो. (कमांड टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या, इथे त्यांची अक्षरे दिली आहेत.)

आधी विचारावे, कार्ड दिसते का? आतल्या कार्डासाठी ‘एल-एस-पी-सी-आय’, यूएसबीत खोचलेल्या डोंगलसाठी ‘एल-एस-यू-एस-बी’. यादीत कार्डाचे नाव आले, तर संगणकाने ते पाहिले आहे. नाव नसेल तरच ते सैल झाले, बायोसमध्ये बंद आहे किंवा खरोखर गेले, अशी शंका घ्यावी. नव्या कार्डाचा विचार करायची पायरी ही एवढीच.

दिसते, पण चालवणारा कोणी नाही, ही अवस्था सर्वांत जास्त आढळते. कार्ड चालवणाऱ्या आज्ञावलीला पुस्तकात ‘चालक’ म्हणतात. आमच्या मुलांना त्यावर बसचा माणूसच आठवतो, तेव्हा मी ‘ड्रायव्हर’च म्हणतो (तोही बसचाच, पण संगणकातला म्हणून तो कानाला सवयीचा झाला आहे). कर्नेल बदलले की वेगळा बसवलेला ड्रायव्हर कधी कधी बंद पडतो. बालाघाट–नैनपूर छोटी लाईन मोठी झाली तेव्हा जुने डबे नव्या रुळांवर चालणार नव्हते, तसेच हे. तो नव्या कर्नेलसाठी पुन्हा बसवावा लागतो.

काही कार्डांना ड्रायव्हरशिवाय फर्मवेअर नावाची फाइलही लागते. एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर डेबियन 11 होते. इंटेलचे वायफाय कार्ड यादीत होते, पण वायफायचे नावच कुठे येत नव्हते. ‘सुडो डी-एम-ई-एस-जी’ दिल्यावर फर्मवेअर सापडत नसल्याची ओळ स्पष्ट दिसली. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉल प्रतीत अशा मुक्त नसलेल्या फाइली तेव्हा नसत. 2023 च्या डेबियन 12 पासून त्या येऊ लागल्या. पण फाइल उतरवायला नेट हवे, आणि नेटसाठी फाइल! मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले. त्याला वायफाय कार्ड लागत नाही. मग ‘नॉन-फ्री’ भांडार चालू करून फर्मवेअर बसवले. नवे कार्ड घ्यावे लागले नाही.

वायफाय अडवलेले आहे का, हे ‘आर-एफ-किल लिस्ट’ सांगते. तिथली ‘सॉफ्ट’ अडवणूक कमांडने सुटते, ‘हार्ड’ असेल तर लॅपटॉपवरचे बटण शोधावे.

जोडणी झालेली दिसते, पण ‘आय-पी ए’ दिल्यावर चार आकड्यांचा पत्ता येत नाही, किंवा 169.254 ने सुरू होणारा येतो. याचा अर्थ राउटरने पत्ता दिलेला नाही. पासवर्ड पुन्हा घालावा, राउटर बंद-चालू करावा. कार्डाला दोष देऊ नये.

पत्ताही मिळाला, तर ‘पिंग 8.8.8.8’ करून पाहावे. उत्तर येते, पण संकेतस्थळाच्या नावाने पिंग केल्यास ते सापडत नाही? मग बिघाड नावाचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा आहे.

एक बिघाड या सगळ्यांना चकवतो. जुन्या संगणकातला सीआर 2032 हा नाण्याएवढा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. घड्याळ आपोआप जुळवण्याची सोय बंद असेल, तर नेट चालू असूनही सुरक्षित पाने उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत अजून सुरूच झालेली नाही असे संगणकाला वाटते. म्हणून काहीही करण्याआधी कोपऱ्यातली तारीख पाहून घ्यावी.

सरावासाठी मी वर्गात वाक्ये देतो. ‘कार्ड दिसते, फर्मवेअर नाही’. ‘पत्ता मिळाला, नाव सापडत नाही’. ‘वायफाय बटणाने अडवले आहे’. प्रत्येकापुढे मुलांनी लिहायचे असते: पुढची कमांड कोणती, आणि कोणती वस्तू विकत घ्यायची नाही.