पाखराच्या पायातला वाळा

दिवाळी झाली, थंडी पडू लागली, की आपल्या वर्धा जिल्ह्यात पाहुणे येतात. शेपटी खालीवर हालवत परीट पाणवठ्याशी फिरतो. ज्वारीच्या कणसांवर पळसमैनांचे थवे उतरतात. त्यांना कोणी भोरड्या म्हणतात. ज्वारीचा पेरा आता कमी झाला. पण गोफण घेऊन माळ्यावर बसलेली जुनी माणसे हे थवे विसरलेली नाहीत. बोर धरणाच्या पाण्यावर बदके येतात. उन्हाळा लागला की ही पाखरे निघून जातात.

जातात कोठे? आणि यंदा आलेला परीट गेल्या सालचाच, की दुसरा? बैल आपण शिंगावरून ओळखतो. पाखरे तर सारी सारखी दिसतात.

युरोपात डेन्मार्क नावाचा देश आहे. तेथले एक शाळामास्तर, मॉर्टेन्सन त्यांचे नाव. त्यांनी १८९९ साली यावर तोड काढली. मैनेच्या जातीची पाखरे धरली, पायात ॲल्युमिनियमचा हलका वाळा घातला, वाळ्यावर नंबर टाकला आणि सोडून दिली. ही रीत मग जगभर गेली. थंड मुलखात हिवाळ्यात जमीन बर्फाने झाकते. लोक अंगणात दाणे टाकतात. पाखरे रोज त्याच जागी येतात, म्हणून तेथे जाळे लावणे सोपे जाते. आपल्याकडे हिवाळ्यात रानातच चारा असतो. तेव्हा पाखरे जेथे चरतात तेथे, तळ्याकाठी किंवा झुडपांजवळ, जाळे लावावे लागते.

जाळ्याचा धागा फार बारीक असतो. पाखरू त्याच्या झोळात पडते. त्याला हळूच सोडवून कापडी पिशवीत ठेवतात. मग वाळा घालतात, पंख मोजतात, वजन करतात, वहीत लिहितात आणि उडवून देतात. वेळ लावला तर पाखरू घाबरून मरते, म्हणून हात शिकलेला हवा.

आपल्या देशात मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम १९२७ पासून करीत आली आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा भागात माकडे मेली, माणसेही तापाने मेली. हा ताप गोचिडीपासून होतो. परदेशातून येणारी पाखरे ती गोचीड आणतात की काय, अशी शंका आली. मग १९५९ पासून डॉ. सलीम अली यांच्या देखरेखीखाली हजारो पाखरांना वाळे घातले गेले. पाखरे धरायला बिहारचे मीरशिकार होते. आपले फासेपारधी तित्तिर-लावे धरीत, तसे हेही पिढीजात पाखरे धरणारे. आमच्या मते या कामाचे निम्मे श्रेय त्यांचे आहे.

तुम्ही मात्र जाळे लावू नका. १९७२ च्या कायद्याने परवानगीवाचून रानपाखरू धरणे गुन्हा आहे.

पण वाळा घातलेले पाखरू एखाद्या दिवशी तुमच्याच शेतात सापडेल. ते जिवंत असेल तर वाळा काढू नका. नंबर वाचा, लिहून घ्या, पाखरू सोडून द्या. मेलेले असेल तर उघड्या हाताने उचलू नका. पाखरांचे काही रोग माणसाला लागतात. वाळा मुलाच्या गळ्यात बांधायला तर मुळीच देऊ नका.

वाळ्यावरची अक्षरे इंग्रजी असतात. घाबरू नका. आकडे रुपयाच्या नाण्यावर असतात तसेच. अक्षरे वाचता आली नाहीत तर दिसतात तशी काढा, किंवा शाळेतल्या मुलीला हाक मारा. एक मात्र जपा. इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ दिसतो. सातबाऱ्यावर गट नंबर चुकला तर शेत दुसऱ्याचे होते. येथेही तसेच, आकडा चुकला की पाखरू दुसरे होते. म्हणून दोनदा वाचा.

मग पत्र लिहा: नंबर, गाव, तालुका, जिल्हा, तारीख, पाखरू जिवंत की मेलेले. पत्ता: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, हॉर्नबिल हाऊस, मुंबई. वाळा परदेशातला असला तरी येथेच कळवावे. तुमचा कागद तेथे पोचला, की त्या नंबराची नोंद शोधतात, आणि ते पाखरू कोठे, कोणत्या दिवशी धरले होते ते कळते.