तक्ता कोण भरतं, ते आधी बघ

चि. मुक्ता,


तुझी मेल वाचली. पीएचडीला नाव घालायचं ठरवलंस, बरं झालं. ताई फोनवर कुरकुरत होती, ‘दोन पोरं, कॉलेजची नोकरी, त्यात हे आणखी कशाला?’ तिचं मी बघते. पण मेलच्या शेवटी तू लिहिलंयस, ‘मावशी, तीन वर्षांत हातावेगळा होईल असा विषय सुचव.’ तिथे मी थबकले. मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकाच्या विभागात मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. सबमिशनला महिना उरला की पीजीची मुलं एक्सेलची शीट घेऊन दारात उभी. ‘मॅडम, तेवढी पी व्हॅल्यू काढून द्या.’ हे कुणी मोजलं, कशानं मोजलं, असं विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. आकडा तयार होताना जो हजर नव्हता, त्याला त्या आकड्याबद्दल बोलायचा हक्क नाही, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. मला मुख्य सांगायचंय ते हेच. बाकीचं तुला कुणीही सांगेल.

तू पाठवलेले तिन्ही विषय एकाच साच्यातले आहेत. ‘अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाची मातांच्या ज्ञानावरील परिणामकारकता.’ नर्सिंग कॉलेजांच्या लायब्ररीत अशा प्रबंधांनी कपाटं भरली आहेत, हे मी तुला काय सांगू? प्री-टेस्ट घ्यायची, पाऊण तास फ्लिपचार्ट दाखवायचा, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा हातात द्यायची. गुण वाढतात. वाढणारच! पी व्हॅल्यू 0.001 च्या खाली, गाईड खूश, एक्स्टर्नलही खूश. ती बाई घरी गेल्यावर काय करते, सासूच्या एका वाक्यापुढे तुमचा फ्लिपचार्ट टिकतो का, हे बघायला कुणी जात नाही. असा प्रबंध करायला तुला कुणी अडवणार नाही, पदवीही मिळेल. पण तुझ्यासारखीनं त्यात वर्षं घालवावीत, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा मेलमध्ये तू सहज लिहिलेली एक ओळ मोलाची आहे. विद्यार्थिनींना घेऊन एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या विभागात, पोस्टिंगला जातेस, तिथे कांगारू केअरच्या तक्त्यात प्रत्येक बाळापुढे सकाळ चार तास, दुपार चार तास, रात्र चार तास असं एकाच पेनानं लिहिलेलं असतं, आणि दुपारी प्रत्यक्षात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. अगं, विषय तर हाच आहे.

कांगारू केअरचं मोल बघ. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटर पुरत नाहीत म्हणून कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी द्यायला सुरुवात केली. नाइलाजानं सुरू झालेला तो उपाय आज इन्क्युबेटर असलेल्या दवाखान्यांतही हवा असतो. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं झालेला मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पाच देशांत तो झाला, त्यांत भारतही होता. 1 ते 1.8 किलोच्या आतली तीन हजारांवर बाळं. एका गटात बाळ जन्मल्यावर लगेच छातीशी, दुसऱ्यात प्रकृती स्थिर झाल्यावर, नेहमीच्या रिवाजानं. 28 दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात 12 टक्के, दुसऱ्यात 15.7. फायदा इतका उघड दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. आता तुझ्या कामाची गोष्ट: त्या पहिल्या गटातली बाळं अतिदक्षता विभागात दिवसाला जवळपास 17 तास छातीशी होती, कारण आईची खाटच तिथे आत टाकली होती. तुझ्या वॉर्डात आईला रात्री टेकायला जागा आहे का? सिझेरियनचे टाके ओले असताना ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत किती वेळ बसेल? ती आंघोळीला गेली तर बाळ बापाकडे देतात की पुन्हा वॉर्मरवर ठेवतात? एका सिस्टरकडे किती बाळं आहेत? डॉक्टर राउंड घेऊन निघून जातात. हे प्रश्न पडतात ते पाळीभर तिथे उभ्या असलेल्या नर्सला. आणि खरे तास किती, हेच माहीत नसेल तर यातल्या एकाचंही उत्तर मिळायचं नाही.

आकडे बनतात कसे, याचा एक मासला देते. कुठल्याही प्रसूतिगृहाचं रजिस्टर उघड आणि जन्मवजनांचा रकाना बोटानं खाली वाचत जा. 2500 ग्रॅम, 2500, 2600, 2500, 3000, 2500. निसर्गाला अडीच किलोचा असा काही सोस नाही. अडीचच्या खाली बाळ ‘कमी वजनाचं’ ठरतं, मग त्याचा वेगळा फॉर्म, वेगळी विचारणा. म्हणून 2460 चं सहज 2500 होतं. रक्तदाबाच्या रकान्यातले 120/80 असेच. यात कुणी लबाड असतं असं नाही. काम फार आणि हात थोडे. पण या रजिस्टरवरून तू कमी वजनाच्या बाळांची टक्केवारी काढलीस, तर पाया कच्चा राहणार आणि वर कितीही रिग्रेशन चढवलंस तरी इमारत डुगडुगणार.

आपल्याकडे जे संशोधन जगानं वाचलं, त्यात मोजायला कोण गेलं हे बघ. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळाचं वजन घेऊन ते थांबले नाहीत. कॅलिपरनं कातडीची जाडी मोजली, पोटाचा, दंडाचा घेर मोजला. इथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडातल्या साउथहॅम्पटनचं 3.5 चं. तरीही आपल्या बाळाच्या पाठीवर चरबी त्या मानानं टिकून होती. कमी पडत होते स्नायू. दिसायला रोड, आतून चरबीचं असं ते बाळ आज मधुमेहाच्या अभ्यासात सगळीकडे ओळखीचं झालंय. नुसत्या काट्यावर ते कधीच सापडलं नसतं.

गडचिरोलीत राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 बायकांना प्रत्यक्ष तपासलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. 1989 साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं. दवाखान्याच्या नोंदींवर विसंबून हा अभ्यास झालाच नसता, कारण त्या बायका दवाखान्यात आल्याच नव्हत्या.

आता थोडं सावधगिरीचं. तू घड्याळ घेऊन बसलीस की पहिल्या दिवशी प्रत्येक आई बाळाला कवटाळून बसेल आणि सिस्टर सारखी फेरी मारतील. सुरुवातीचे दिवस हिशेबात धरू नकोस. त्यांना तुझी सवय होऊ दे. तू त्यांच्या चुका काढायला आलेली नाहीस, हे सिस्टर-इन्चार्जना आधी स्वतः जाऊन सांग. आईची संमती घेताना आणखी जप. जिचं दीड किलोचं बाळ काचेआड आहे, ती पांढऱ्या कोटातल्या बाईला ‘नाही’ म्हणत नसते. उद्या विचार करून सांग, आणि नाही म्हणालीस तरी बाळाच्या उपचारात फरक पडणार नाही, असं तिला म्हण आणि खरोखर उद्यापर्यंत थांब. आयसीएमआरची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं परीक्षेपुरती चाळू नकोस, नीट वाच. पुढे एखादा उपाय करून बघायचा झाला, म्हणजे खुर्च्या बदलल्या किंवा घरच्या दुसऱ्या माणसाला आत घेतलं, तर पहिली आई अभ्यासात घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी कर. मागाहून ते नोंद घेत नाहीत. मुख्य निष्कर्ष कशावरून काढणार, तेही त्याच वेळी लिहून टाक. नंतर वीस चाचण्या करून त्यातली चमकणारी एक निवडायचा मोह होतो. भल्याभल्यांना झालाय.

गाईड नावावर निवडू नकोस. त्यांच्या हाताखाली सध्या किती जण आहेत आणि मागच्या विद्यार्थ्याचं प्रकरण किती दिवसांत वाचून परत आलं, हे त्या विद्यार्थ्यालाच विचार. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, बायकांना पुढे सवलत आहे, नोकरी सांभाळून अर्धवेळ करायचीही सोय आहे. पण विद्यापीठाचे स्वतःचे नियम असतात, ते मुळातून वाच, ऑफिसातल्या सांगोवांगीवर जाऊ नकोस. पेपरवर ज्याचं काम त्याचंच नाव. ‘थिसिस लिहून मिळेल’वाल्यांच्या पाट्या दिसतील, तिकडे फिरकू नकोस. एवढं पुरे.

घरचं म्हणशील तर जावईबापूंना आत्ताच स्पष्ट सांग की आठवड्यातल्या दोन संध्याकाळी स्वयंपाक आणि पोरांचा अभ्यास त्यांच्याकडे. ‘जमेल तसं बघू’ म्हणाले तर ते ‘नाही’ समज आणि पुन्हा विचार.

तीन वर्षांत होईल का? वॉर्डात बसून मोजायचं म्हणजे बहुधा नाही. चार-पाच धर.

दिवाळीला येशील तेव्हा सिनॉप्सिस आणू नकोस. परवानगी काढून एक दुपार त्या वॉर्डात नुसती बस. कोणती खुर्ची किती वाजता रिकामी झाली, किती वाजता भरली, ते साध्या वहीत लिही, आणि त्याच दुपारी तक्त्यात काय चढलं तेही शेजारी टिपून ठेव. नावं नकोत, नुसत्या वेळा. ती वही घेऊन ये, मग आपण सँपल साइझ काढायला बसू.

तुझी,
सुधामावशी