पलटण सोडून कंपनीकडे निघालेल्या भाच्यास

चाळीसगाव

चि. बापूस,

तुझे पत्र व त्यासोबतचा करारनाम्याचा मसुदा पोचला. पंधरा वर्षांहून अधिक काळ पलटणीत काढून, हवालदाराच्या फिती दंडावर घेऊन, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच तू पेन्शनीवर येणार; मुलांची शिक्षणे व्हावयाची आहेत, घराचा वरचा मजला अर्धवट पडून आहे, आणि अशा वेळी इराकातील तेलक्षेत्रावर सशस्त्र रक्षकाची जागा देऊ करून पेन्शनीच्या कितीतरी पट पगाराचा आकडा कोणी पुढे ठेवला, तर मन तिकडे ओढ घेणार हे स्वाभाविकच आहे. त्याबद्दल तुला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. माझी उभी हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली आणि अखेरची काही वर्षे जळगावास शस्त्रपरवान्यांचे टेबल माझ्याकडे होते. तेव्हा बंदुकीविषयी मी तुला काय शिकविणार? परंतु बंदुकीमागच्या कागदाविषयी चार गोष्टी मला तुझ्याहून अधिक ठाऊक आहेत, आणि त्या तुझ्या कानी घातल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही.

पलटणीत तू गोळी झाडलीस, तर तो हुकूम कोणाचा, तो कोठून आला, त्याचा जाब कोणी द्यावयाचा, हे सारे तू बोट घोड्यावर ठेवण्यापूर्वीच ठरलेले असे. चूक झाली तर चौकशी तुझेच अधिकारी करीत. जखमी झालास तर लष्करी इस्पितळ होते. आणि देव न करो, पण वाईटच घडले असते, तर तिरंग्यात गुंडाळून तुला गावी आणण्याची आणि सूनबाईला निवृत्तिवेतन देण्याची जबाबदारी सरकारने आपल्या शिरी घेतलेली होती. जवानाचे शौर्य जितके त्याच्या छातीत असते तितकेच ते या अदृश्य व्यवस्थेतही असते, आणि ती व्यवस्था पाठीशी असताना तिची जाणीव होत नाही. आता तुझा मसुदा पाहा. पहिल्या पानावर कंपनीचे एक नाव आहे आणि सहीच्या जागी दुसरेच. ‘कामगिरीदरम्यान घडलेल्या कोणत्याही कृत्याची जबाबदारी सर्वस्वी रक्षकाची राहील’ असे एक कलम आहे. तंटा उद्भवल्यास तो अशा तिसऱ्याच मुलखातील न्यायालयात चालावयाचा आहे, जेथे वकील देण्याचे तर सोडच, जाण्याचे भाडेही तुला परवडणार नाही. आणि विम्याच्या रकान्यात ‘नियमाप्रमाणे’ एवढाच शब्द आहे. कोणता नियम, कोणाचा, किती रकमेचा, वारसाच्या हाती पैसा कोणी व किती मुदतीत द्यावयाचा, याचा उल्लेख नाही. असा दस्तऐवज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो आवकजावक नोंदवहीत चढविण्यापूर्वीच परत पाठविला असता.

पगारी हत्याराच्या पाठीशी जबाबदार धनी नसला म्हणजे काय होते, हे समजून घेण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून करणारे गारदी हे वाड्याच्या राखणीस ठेवलेलेच लोक होते, आणि आत शिरताना त्यांच्या तोंडी थकलेल्या पगाराची मागणी होती. त्यामागे कारस्थान कोणाचे होते हा निराळा विषय. पण ज्याचे इमान केवळ तनख्याला बांधलेले असते, त्याच्या तलवारीला कोणीही दिशा देऊ शकतो, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले. उत्तर पेशवाईत आपल्या खानदेशात गढ्यागढ्यांतून अरबांची शिबंदी बसली होती. चाकरी एकाची, बाकी दुसऱ्याकडे, आणि वसुली रयतेकडून, असा तो कारभार होता. पेशवाई बुडाली तरी मालेगावच्या किल्ल्यातील अरब हटेनात, आणि १८१८ च्या मे-जून महिन्यांत इंग्रजी फौजेला मोठी हानी सोसून वेढा चालवावा लागला. याच मुलखात, ज्या भिल्लांचे घाट व गावे राखण्याचे पिढीजात हक्क अंदाधुंदीत बुडाले होते, तेच भिल्ल डोंगराचा आसरा घेऊन लुटीवर जगू लागले. आणि १८२५ साली इंग्रज अधिकारी औट्रमने खानदेश भिल्ल पलटण उभारून तिचे ठाणे धरणगावास केले, तेव्हा हजेरीपट, वेळेवर पगार आणि नावानिशी जबाबदार असा अधिकारी मिळताच त्याच लोकांनी मुलखाचा बंदोबस्त राखला. कन्नडच्या घाटाला आपण अजूनही औट्रम घाट म्हणतो ते या गृहस्थाच्या नावावरून. सरकारचा त्यातील हेतू निर्मळ होता असे मी म्हणत नाही. व्यापारासाठी आलेल्या एका कंपनीनेच पलटणी बाळगून हा देश गिळला होता, हे मी कसे विसरेन? परंतु माणसे तीच असता केवळ व्यवस्था बदलल्याने त्यांच्या शस्त्राचा अर्थ कसा बदलतो, हे तुझ्या जन्मभूमीइतके स्पष्टपणे दुसरी एखादी भूमी क्वचितच सांगेल.

आजच्या गोष्टी तू वर्तमानपत्रांतून वाचल्याच असशील. पण आपल्यावर प्रसंग येईपर्यंत त्या परक्या वाटतात. २०१३ च्या ऑक्टोबरात एका अमेरिकन कंपनीचे ‘सीमन गार्ड ओहायो’ हे सशस्त्र जहाज तुतिकोरीनजवळ अडविण्यात आले. समुद्री चाच्यांपासून व्यापारी जहाजांचे रक्षण करण्यासाठी त्यावर जे रक्षक होते, त्यांत सहा ब्रिटिश माजी सैनिक होते. शस्त्रांचे कागद भारतीय कायद्यास पुरेसे वाटले नाहीत. २०१६ च्या जानेवारीत जहाजावरील पस्तीस जणांना प्रत्येकी पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने सर्वांस निर्दोष ठरविले. निर्दोष सुटले खरे. पण आयुष्यातील चार वर्षे कोणत्या कंपनीने भरून दिली? शत्रूचा प्रदेश नव्हे, तुझा-माझाच देश, आणि तुझ्यासारखेच पलटणीतून उतरलेले लोक. तू परमुलखात शस्त्र हाती घेशील तेव्हा त्यांच्या जागी तू असशील, एवढाच फरक. २० जून २०१६ रोजी काबूलमध्ये कॅनडाच्या वकिलातीकडे कामावर निघालेल्या रक्षकांच्या बसवर आत्मघातकी हल्ला होऊन चौदा जण ठार झाले. त्यांत बारा नेपाळी व दोन भारतीय होते. कतारमधील आपल्या नौदलाच्या आठ माजी जवान-अधिकाऱ्यांचा प्रसंग तर ताजा आहे: एका खाजगी कंपनीची नोकरी, २०२२ साली अटक, पुढच्या वर्षी देहदंडाचा निकाल, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सुटका, ती भारत सरकारच्या खटपटीने झाली, कंपनीच्या नव्हे.

आता कायद्याकडे वळतो. खाजगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा २००५ चा जो केंद्रीय अधिनियम आहे, त्यात स्पष्ट म्हटले आहे की, नियंत्रक प्राधिकाऱ्याची परवानगी घेतल्यावाचून कोणत्याही संस्थेने परदेशात सुरक्षासेवा पुरवू नये, आणि ती परवानगी देण्यापूर्वी प्राधिकाऱ्याने केंद्र सरकारचा विचार घ्यावा. ही जागा तुझ्यापुढे ठेवणाऱ्या मध्यस्थाकडे ही परवानगी आहे काय, हा पहिला प्रश्न. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली भरती-दलाल म्हणून परराष्ट्र मंत्रालयाकडे त्याची नोंदणी झालेली आहे काय, हा दुसरा. नोंदणीक्रमांक माग आणि ई-मायग्रेट संकेतस्थळावरील यादीशी स्वतः ताडून पाहा. ‘आधी पर्यटक म्हणून चला, व्हिसा तिकडे बदलून देऊ’ असे तो म्हणाला, तर बोलणे तेथेच थांबव. आणि पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात ठेवण्याची अट कोठल्याही रकमेसाठी मान्य करू नकोस.

देशातील नोकरीचेही गुलाबी चित्र मी तुझ्यापुढे रंगवीत नाही. पुण्यात आणि नाशकात साइटवर बारा-बारा तासांच्या ड्युट्या करणारे आपल्या तालुक्यातील माजी सैनिक मला भेटतात. रिलीव्हर आला नाही की चोवीस तास उभे राहावयाचे, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो तो जमा होतो की नाही याची शंका, आणि ज्याने सीमेवर पहारा दिला त्याला सोसायटीच्या फाटकावर कालच्या पोराने अरे-तुरे करावयाचे. १९८१ साली या राज्याने खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी मंडळे नेमण्याचा कायदा केला तो असल्याच पिळवणुकीला आळा बसावा म्हणून. पुढे अग्निपथाच्या मार्गाने चार वर्षांत घरी येणाऱ्या तरुणांची गर्दी या दारांवर वाढेल, तेव्हा भाव आणखी उतरेल, असे मला भय वाटते. म्हणून प्रथम डीएससीचा, म्हणजे संरक्षण सुरक्षा दलाचा, विचार कर. तेथे हुकूम व निवृत्तिवेतन दोन्ही सरकारी राहतील. ते न जमल्यास राज्याचे माजी सैनिक महामंडळ मेस्को आहे, पुनर्वसन महासंचालनालयाच्या पुरस्कृत संस्था आहेत, राज्य सुरक्षा महामंडळ आहे, बँकांच्या जागा आहेत. पगार कमी असेल. पण उद्या कचेरीत जाऊन कोणाच्या टेबलापुढे उभे राहावयाचे हे तुला ठाऊक असेल.

येथेच गनमॅनची जागा पत्करलीस तर एवढे लक्षात ठेव. आपले लोक आत्मसंरक्षणार्थ बारा बोअरची दुनळी घेतात आणि तीच खांद्याला लावून कोणाच्याही पैशांच्या गाडीवर चढतात. परवान्यावर प्रयोजन लिहिलेले असते, क्षेत्र लिहिलेले असते, मुदत लिहिलेली असते; मालक त्यांतले काही वाचीत नाही, आणि प्रसंग ओढवला की फौजदार नेमके तेच वाचतो. खाजगी रक्षकास गोळी झाडण्याचा अधिकार सामान्य नागरिकाहून रतीभरही अधिक नाही. भारतीय न्याय संहितेतील आत्मसंरक्षणाची कलमे जेवढी मुभा देतात तेवढीच तुला. पलटणीतील सवय हाताला आधी आठवते, याकरिता हे पुन्हा लिहितो. जुनी वर्दी वा तिची चिन्हे अंगावर घालून पहाऱ्यास उभा राहू नकोस. मालकाला त्याची हौस असते, पण २००५ च्या त्या अधिनियमाप्रमाणे तो घालणाऱ्याचाही अपराध आहे आणि संस्थेच्या मालकाचाही.

अक्काला मी मसुद्याविषयी काही बोललो नाही. तिला वाटते तू सुट्टीचे लिहिले आहेस. सही करू नकोस, आगाऊ रक्कमही देऊ नकोस. पुढल्या महिन्यात येशील तेव्हा सेवापुस्तक, पदमुक्तीचे कागद आणि हा मसुदा मूळ प्रतीत घेऊन ये. सकाळच्या गाडीने आपण दोघे जळगावास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊ, डीएससीच्या भरतीची चौकशी करू, आणि मध्यस्थाला विचारावयाचे प्रश्न मी लेखी तयार करून ठेवतो, ते त्याच्याकडे रजिस्टर टपालाने पाठवू. सौ. सूनबाईस व मुलांस आशीर्वाद.

तुझा,
मामा