कॉलेज सोडण्याआधी तब्येत पाहा

सेमिस्टरचे निकाल लागले की आमच्या मानकोलीतल्या दवाखान्यात अठरा ते एकवीस वयाचे पेशंट वाढतात. तक्रार परीक्षेची नसतेच. कुणाच्या पोटात कळ येते, कुणाला सकाळी मळमळते, कुणाच्या छातीत धडधडते. सोबत आई किंवा वडील असतात. "डॉक्टर, ह्याला काहीतरी ताकदीचं लिहून द्या, अंगात जीवच नाही," असे ते सांगतात. वडील औषध आणायला बाहेर गेले की मुलगा हळूच म्हणतो, "तीन विषय राहिलेत. कॉलेज सोडावं म्हणतो."

हा प्रश्न प्राध्यापकांना विचारावा, डॉक्टरला काय त्याचे, असे पुष्कळांना वाटेल. मला तसे वाटत नाही. नापास होणे हे तापासारखे आहे. ताप हा रोग नव्हे, लक्षण आहे. तो मलेरियाने येतो, टायफॉइडने येतो, लघवीतल्या जंतुसंसर्गानेही येतो, आणि प्रत्येकाचे औषध निराळे. मार्क घसरण्याचेही तसेच. कारण न शोधता कॉलेज सोडले तर कॉलेज सुटते, दुखणे अंगातच राहते आणि पुढे नोकरीतही त्रास देते.

सर्वांत आधी रक्त तपासावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना आणि ३१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि मोठ्या मुलाचे १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. माझ्याकडे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली होती. चार पाने वाचली की डोके गरगरते, वाचलेले काहीच आठवत नाही, मी मुळातच मठ्ठ आहे, असे तिचे म्हणणे. हिमोग्लोबिन निघाले साडेसात. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता आणि हे तिने घरात कुणाला सांगितले नव्हते. पाळीवर उपचार आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर महिना-दीड महिन्यात ती पुस्तक घेऊन बसू लागली. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, शौचाला काळे झाले तर घाबरू नये, आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवाव्यात. बरे वाटताच बंद करणारेच जास्त! थायरॉईड, बी-१२ आणि चष्म्याचा नंबर ही तपासणीही त्याच वेळी उरकून घ्यावी. फळा दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुले मी पाहिली आहेत.

दुसरे कारण आपल्या भागाचे खास आहे. मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात गोदामे उभी राहिली आणि घराघरातल्या मुलांना हाताशी काम मिळाले. चांगलेच झाले. पण रात्रपाळीत पार्सले भरायची, सकाळी सातला कॉलेज गाठायचे आणि दुपारी चार तास डोळा लावायचा, हे दोन-तीन सेमिस्टर चालले की गाडी अडतेच. या वयात सात ते नऊ तास झोप लागते. दिवसा वाचलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. झोप कापली की वाचलेलेही कापले जाते. अशा मुलाला "अभ्यासात लक्ष नाही" म्हणून रागावण्यात अर्थ नाही. त्याने दिवसपाळी मागावी. घरची गरजच अशी असेल की नोकरी सोडता येत नाही, तर नियमित कॉलेजऐवजी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून पदवी करावी. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि कमावत शिकणाऱ्यांचीच तेथे गर्दी असते. यात कमीपणा कसला?

तब्येतीसाठी एक वर्ष मागे पडले तर जन्म वाया जातो अशी समजूत आहे. लोकमान्य टिळक मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायाम, पोहणे आणि कुस्ती यांत घालवले. अभ्यासाच्या दृष्टीने ते वर्ष बुडाले. पुढे ते बी.ए. पहिल्या वर्गात झाले, एम.ए.चा अभ्यास मध्येच सोडला आणि १८७९ साली एलएल.बी. झाले. म्हणजे थांबणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. मात्र थांबले ते ठरवून, आणि एम.ए. सोडले ते दुसरा रस्ता धरून.

आता सर्वांत गंभीर भाग. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, आवडत्या गोष्टीतही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, "मी घरच्यांवर ओझं आहे" असे वाटत राहणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. या आजारात सगळे रस्ते बंद झाल्यासारखे वाटते. ते वाटणे आजाराचा भाग आहे, वस्तुस्थिती नव्हे. म्हणून या काळात कॉलेज सोडण्याचा अर्ज देऊ नये. औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर निर्णय लांबणीवर टाकावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. मुलगा गप्प झाला असेल तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचा भार हलका होतो. "हो" म्हणाला तर एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे; तेथे जाणारा वेडा असतो ही समजूत आता सोडावी. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.

तब्येत ठीक आहे, झोप ठीक आहे, मन ठीक आहे आणि तरीही विषय झेपत नाहीत, असेही होते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दहावीला उत्तम मार्क मिळवलेला मुलगा सायन्सला जातो आणि इंग्रजीतले लेक्चर डोक्यावरून जाते. ही बुद्धीची कमतरता नव्हे, भाषेची अडचण आहे. काहींना विषयच वडिलांनी निवडून दिलेला असतो. तेथे शाखा बदलणे किंवा आयटीआयला जाणे मला पूर्ण शहाणपणाचे वाटते, आणि तसा सल्ला मी देतोही. पण काढून टाकण्याआधी काय हाती राहते ते पाहावे. एटीकेटी किती विषयांना मिळते, पुनर्मूल्यांकनाची मुदत कधी संपते, हे मित्रांना न विचारता कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारावे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिले वर्ष पूर्ण करून ठरलेली श्रेयांके मिळवली तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. मिळवलेली श्रेयांके खात्यावर सात वर्षांपर्यंत जमा राहतात. आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत हे २०२४-२५ पासून लागू झाले. त्यामुळे चालू वर्ष अर्धवट टाकण्यापेक्षा ते पुरे करून थांबणे केव्हाही फायद्याचे.

मुलींच्या बाबतीत मी अधिक सावध असतो. मुलगा एक वर्ष घरी राहिला तर कामाला लागतो. मुलगी राहिली तर महिन्याभरात स्थळे पाहणे सुरू होते आणि "एकच वर्ष" म्हणता म्हणता शिक्षण संपते. म्हणून मुलीने थांबायचे असेल तर परत कधी जायचे ते घरात आधीच ठरवून घ्यावे, शक्य तर वडिलांच्या तोंडून वदवून घ्यावे.

आई-वडिलांना एवढेच सांगणे, की निकालाच्या रात्री हा विषय काढू नका. शेजारच्या पोराचे मार्क तर अजिबात नकोत. जेवू द्या, झोपू द्या, बोलणे दोन दिवसांनी करा. आणि तपासणीला आणाल तेव्हा आधीच्या रिपोर्टांबरोबर सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकाही आणा. लाजू नका, मी त्या मार्कांसाठी पाहत नाही. घसरण कोणत्या महिन्यापासून सुरू झाली ते त्यांवरून कळते, आणि त्या सुमारास घरात, कामावर किंवा शरीरात काय बदलले होते, ते मला मुलाला नेमके विचारता येते.